पोलंड, रशिया, जॉर्जिया आणि 'चांगल्या संस्था': अभ्यास करताना या चुका टाळा

"पोलंडची भरभराट झाली, कारण तिथल्या संस्था चांगल्या होत्या. चांगल्या होत्या हे कशावरून? तर पोलंडची भरभराट झाली यावरून." एम.ए.च्या असाइनमेंट असोत, स्पर्धा परीक्षेची उत्तरं असोत की यूट्यूबवरची व्याख्यानं, १९८९नंतरच्या, म्हणजे साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतरच्या पूर्व युरोपाचा विषय निघाला की युक्तिवाद बहुतेकदा याच रिंगणात फिरत राहतो. विषय फसवा आहे. ढोबळ विधान केलं तरी ते खोटं वाटत नाही, आणि सात-आठ देशांची नावं पेरली की अभ्यास केल्यासारखंही दिसतं.

डग्लस नॉर्थ यांना १९९३मध्ये नोबेल मिळालं तेव्हापासून अर्थशास्त्रात संस्थांची चर्चा रुळली. २०२४चं नोबेल असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना याच विषयासाठी मिळालं आणि आपल्याकडेही तो पुन्हा वर आला. या चर्चेत संस्था म्हणजे नुसती कार्यालयं नव्हेत. व्यवहाराचे लिखित-अलिखित नियम आणि ते मोडल्यावर काय होईल याची लोकांना असलेली खात्री, असं सगळं त्यात येतं. हे मोजायचं कसं यावर ग्रंथ लिहिले गेलेत. मी एक साधी कसोटी लावतो: सत्तेतल्या माणसाला किंवा त्याच्या मित्राला 'नाही' म्हणणारं कोणी आहे का, आणि तसं म्हटल्यावर त्याची खुर्ची टिकते का? खाली दिलेल्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

आधी काय झालं आणि नंतर काय, हे न तपासणं

संस्थांचा दर्जा मोजणारे बहुतेक निर्देशांक मतांवर उभे असतात. जागतिक बँकेचे सुशासन निर्देशांक १९९६पासूनचे आहेत. कायद्याचं राज्य, भ्रष्टाचारावर नियंत्रण, नियमनाचा दर्जा ही त्यांतली मापं उद्योजक, तज्ज्ञ आणि सल्लागार कंपन्या यांनी दिलेल्या उत्तरांतून तयार होतात. गोम अशी की अर्थव्यवस्था तेजीत असली की याच मंडळींना न्यायालयंही बरी वाटू लागतात. तेव्हा १९९६चा निर्देशांक घेऊन १९९२पासूनची वाढ समजावायला निघालात, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

यावर उपाय म्हणजे वाढ सुरू होण्यापूर्वी काय घडलं ते शोधायचं. पोलंडमध्ये बाल्त्सेरोविच योजना, म्हणजे अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांचा झटपट बाजाराकडे नेणारा कार्यक्रम, १ जानेवारी १९९० रोजी लागू झाली. त्या वर्षी सरासरी महागाई ५०० टक्क्यांच्या वर होती आणि उत्पन्न कोसळलं होतं. १९९१मध्येही घसरण चालूच राहिली. वाढ दिसली ती १९९२मध्ये. पण २७ मे १९९० रोजी, म्हणजे लोकांचे सर्वांत वाईट दिवस चालू असताना, स्थानिक पातळीवरच्या 'ग्मिना'च्या मुक्त निवडणुका झाल्या आणि गावाची मालमत्ता, गावाची कामं निवडून आलेल्या लोकांच्या हाती गेली. रोखे बाजाराचा कायदा मार्च १९९१चा. ही भरभराटीची फळं असूच शकत नाहीत, कारण तोवर भरभराट झालीच नव्हती.

एवढं सिद्ध झालं की थांबा, त्यापुढे ताणू नका. पोलंडच्या पदरात आणखीही बरंच काही होतं. साम्यवादी काळातही तिथली बहुतेक शेतजमीन खासगी कुटुंबांकडे राहिली होती. एप्रिल १९९१मध्ये पॅरिस क्लबच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्या सरकारांच्या गटातल्या, देशांनी पोलंडचं त्यांच्याकडचं निम्मं कर्ज सोडण्याचं मान्य केलं. शिवाय शेजारी जर्मनी. सगळं श्रेय संस्थांना देणारे लेख नेमकी हीच वाक्यं गाळतात.

खासगीकरण झालं म्हणजे मालक आला, असं समजणं

ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक, आणि ती १९९०च्या दशकात भल्याभल्या सल्लागारांनीही केली. त्यांचा हिशेब सरळ होता. कारखाने लोकांच्या हाती द्या, मालक झालेले लोक आपणहून चांगले कायदे मागतील.

चेकोस्लोव्हाकियात अर्थमंत्री वाच्लाव्ह क्लाउस यांच्या पुढाकाराने व्हाउचर खासगीकरण झालं. साधारण हजार कोरुना भरून नागरिकाने पुस्तिका घ्यायची आणि तिच्यातल्या गुणांवर कंपन्यांचे समभाग मिळवायचे. लोक सुरुवातीला थंड होते. मग व्हिक्टर कोझेनी यांच्या 'हार्वर्ड' नावाच्या फंडाने जाहिरात केली: पुस्तिका आमच्याकडे द्या, वर्षाने दसपट परत देतो. (त्या प्रसिद्ध विद्यापीठाचा या फंडाशी संबंध इतकाच, की कोझेनी तिथे शिकले होते.) इतर फंडही तशीच आमिषं दाखवू लागले आणि झुंबड उडाली. पहिल्या फेरीत एकट्या चेक भागात सुमारे ६० लाख लोक उतरले.

मालकी कागदावर लाखोंकडे गेली, पण चाव्या फंडांकडे. मोठ्या फंडांमागे बँका होत्या, आणि त्या बँकांमध्ये सरकारचा मोठा वाटा शिल्लक होता. म्हणजे बँकेचा फंड कंपनीचा मालक, त्याच बँकेचं कंपनीला कर्ज, आणि बँकेच्या वर सरकार. या साखळीत 'हा व्यवहार चालणार नाही' असं म्हणण्यात कोणाचाच फायदा नव्हता. व्यवस्थापकांनी कंपन्यांची चांगली मालमत्ता आपल्याच दुसऱ्या कंपन्यांना कवडीमोलाने विकली, आणि छोट्या भागधारकाच्या हाती पोकळ टरफल राहिलं. चेक लोकांनी या प्रकाराला 'बोगदा खणणं' असं नाव दिलं. बाजारावर देखरेख करणारा स्वतंत्र रोखे आयोग आला १९९८मध्ये, म्हणजे मे १९९७चं चलनसंकट येऊन गेल्यावर.

आता त्याच सुमारास वॉर्सात काय चाललं होतं ते पाहा. तिथला शेअर बाजार १६ एप्रिल १९९१ रोजी फक्त पाच कंपन्यांवर सुरू झाला, तोही कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या मुख्यालयात. (इतिहासाला विनोदबुद्धी असते.) पण देखरेख करणारा आयोग पहिल्या दिवसापासून होता, आणि कंपन्यांनी काय उघड करायचं याचे नियम कडक होते. मोठ्या प्रमाणावरचं खासगीकरण पोलंडने १९९५पर्यंत लांबवलं आणि तेव्हाही ते ५१२ कंपन्यांपुरतं ठेवलं. घाई केली ती नियम करण्यात, विक्रीत नाही.

इथे एक पथ्य पाळा. 'म्हणून चेक प्रजासत्ताक मागे पडलं' असं लिहू नका, कारण दरडोई उत्पन्नात ते आजही पोलंडच्या पुढे आहे. दशकाच्या शेवटी त्यांनी मोठ्या बँका परदेशी बँकांना विकल्या, देखरेख बसवली आणि गाडी रुळावर आणली. सगळे कारखाने व्हाउचरने गेले होते असंही नाही. स्कोडा १९९१मध्ये थेट फोक्सवॅगनशी जोडली गेली. तिला पहिल्या दिवसापासून एक ठोस, जबाबदार मालक मिळाला, आणि दहा वर्षांत ती कंपनी आपल्या शेंद्र्यात, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, गाड्या जोडू लागली. एकाच देशात, एकाच दशकात दोन प्रकारचं खासगीकरण आणि दोन वेगळे परिणाम. देशादेशांतली तुलना करण्याआधी अशी देशांतर्गत तुलना सापडते का ते बघा. तिच्यात संस्कृती, भूगोल, इतिहास हे सगळे घटक आपोआप सारखे राहतात.

'शॉक थेरपी विरुद्ध हळूहळू' या खोड्यात पाय अडकवणं

पाठ्यपुस्तकात दोन रकाने असतात. पोलंड आणि रशिया 'धक्का', म्हणजे सगळ्या सुधारणा एकदम, या रकान्यात, हंगेरी आणि स्लोव्हेनिया 'हळूहळू' या रकान्यात. मग प्रश्न पडतो की एकच औषध पोलंडला लागू पडलं आणि रशियाला बाधलं, हे कसं? आणि उत्तर म्हणून 'रशियन मानसिकता' पुढे येते.

मुळात औषध एक नव्हतंच. रशियाने २ जानेवारी १९९२ रोजी किमती मोकळ्या सोडल्या हे खरं. पण त्याच वर्षीच्या जुलैत व्हिक्टर गेराशेंको मध्यवर्ती बँकेवर आले आणि आजारी कारखान्यांना कर्जाचा पूर सोडण्यात आला. भरीला रूबल हे अजून अनेक नव्या देशांचं सामाईक चलन होतं. प्रत्येक देशाची मध्यवर्ती बँक रूबलमध्ये कर्ज देऊ शकत होती आणि महागाईचं बिल सगळ्यांवर फाटत होतं. वर्षाअखेर महागाई सुमारे २,५०० टक्के. एस्टोनियाने मात्र जून १९९२मध्येच रूबल सोडला, क्रून आणला, ८ क्रूनला १ जर्मन मार्क असा दर बांधून टाकला आणि मनाला येईल तशा नोटा छापण्याची स्वतःच्याच सरकारची वाट बंद केली. 'नाही' म्हणणारी यंत्रणा म्हणतात ती ही.

तेव्हा वेग हे लेबल बाजूला ठेवा. कोणती सुधारणा किती वेगाने झाली, आणि कोणती झालीच नाही, असं एकेक करून विचारा.

सुधारणेला विरोध फक्त गरिबांचा आणि नोकरी गेलेल्यांचा असतो, असं धरून चालणं

ऐकायला पटण्यासारखं आहे: कामगार रस्त्यावर येतील, निवृत्त लोक जुन्या पक्षाला मतं देतील, सुधारणा अडतील. राज्यशास्त्रज्ञ जोएल हेलमन यांनी १९९८मध्ये याच्या उलट मांडणी केली, आणि पुढचा इतिहास पाहता ती जास्त खरी ठरली. सुधारणा अर्ध्यावर अडवल्या त्या पहिल्या टप्प्यात गब्बर झालेल्यांनी. परदेशी व्यापार मोकळा झाला पण देशातला तेलाचा भाव सरकारी राहिला, तर देशात स्वस्तात घ्यायचं आणि बाहेर महाग विकायचं. ही कमाई चालू राहायची तर सुधारणा पूर्ण होताच कामा नये.

रशियातली १९९५ची 'कर्जाच्या बदल्यात समभाग' योजना या विषयावरच्या प्रत्येक लेखात असते, पण तिची यंत्रणा फार कमी जण समजावून सांगतात. सरकारला पैसा हवा होता. बँकांनी कर्ज द्यायचं, तारण म्हणून मोठ्या सरकारी कंपन्यांचे समभाग ठेवायचे, आणि कर्ज फिटलं नाही तर बँकेने ते विकायचे. कोणती बँक कर्ज देणार हे लिलावाने ठरायचं. आणि लिलाव भरवायचं काम बँकांकडेच. युकोस या तेल कंपनीच्या ४५ टक्के समभागांचा लिलाव मेनातेप बँकेने भरवला आणि तो जिंकला मेनातेपशीच जोडलेल्या कंपनीने, १५.९ कोटी डॉलरला. नोरिल्स्क निकेलचं असंच, तिथे ओनेक्सिम बँक. कुंपणानेच शेत खाल्लं. कर्ज परत करण्याचा सरकारचा इरादा नव्हता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढचा भाग बहुतेक लेखांत नसतो. ज्यांनी अशी मालमत्ता मिळवली त्यांना पुढे मजबूत न्यायालयं हवी होती का? काही अंशी होती, निदान मिळवलेलं टिकवण्यासाठी. पण मिळकतीचा पायाच डळमळीत असल्याने जनतेच्या नजरेत तिला मान्यता नव्हती. ऑक्टोबर २००३मध्ये युकोसचे मिखाईल खोदोरकोव्स्की यांना अटक झाली, कंपनी तोडून तिचा मुख्य भाग सरकारी कंपनीकडे गेला, तेव्हा रशियात त्यांच्यासाठी रडणारे थोडेच होते. आधी धनाढ्यांनी सरकारला खिशात घातलं, मग सरकारने धनाढ्यांना. दोन्ही वेळा मधे उभं राहणारं न्यायालय दिसलं नाही.

म्हणून 'रशियात कायदाच नाही' असं मात्र लिहू नका, ते चूक आहे. तिथली व्यापारी न्यायालयं, ज्यांना 'आर्बित्राझ' म्हणतात, दरवर्षी लाखो दावे निकाली काढतात, तेही बऱ्यापैकी वेगाने. थकलेलं बिल, पुरवठ्याचा करार, भाड्याचा वाद अशा प्रकरणांत कंपन्या बिनदिक्कत तिथे जातात. प्रकरणात वजनदार माणसाला किंवा सरकारला रस असेल तेव्हा चित्र बदलतं. छोट्या दोघांमध्ये चालणारा कायदा मोठ्यासमोर लुळा पडतो, आणि सरासरी काढणाऱ्या निर्देशांकात हा फरक पुसला जातो. मोठी, दीर्घ मुदतीची गुंतवणूक करणारा मात्र नेमका तोच फरक बघत असतो.

क्रमवारी पाहून निकाल देणं

जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या क्रमवारीत जॉर्जिया २००६च्या अहवालात ११२वा होता, पुढच्याच वर्षी ३७वा, आणि २०२०च्या अहवालात ७वा. जगात सातवा! त्या सुमारास तिथलं दरडोई उत्पन्न वर्षाला ५ हजार डॉलरच्या आत होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून गप्प बसणारे लेख मी पाहिले आहेत.

जॉर्जियात घडलं ते बनावट नव्हतं. २००३च्या गुलाब क्रांतीनंतर, म्हणजे शांततेत झालेल्या सत्तांतरानंतर, साकाश्विली सरकारने २००४मध्ये हजारो वाहतूक पोलिसांना एका फटक्यात घरी पाठवलं, नव्यांना चांगला पगार दिला, आणि रस्त्यावरची हप्तेगिरी खरोखर आटली. २००५पासून विद्यापीठ प्रवेशासाठी देशभर एकच परीक्षा आली आणि प्रवेशाचा बाजार बंद झाला. आज वैद्यकीय शिक्षणासाठी तिबिलिसीला जाणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांनी ही पार्श्वभूमी वाचायला हरकत नाही. पण ज्या सरकारने पोलीस सुधारले, त्याच्याच काळात फौजदारी खटल्यांत निर्दोष सुटण्याचं प्रमाण १ टक्क्याच्याही खाली गेलं होतं. सप्टेंबर २०१२मध्ये तुरुंगातल्या छळाच्या चित्रफिती बाहेर आल्या आणि पुढच्याच महिन्यात सत्ता गेली. खालच्या पातळीवरची लाच संपवणं आणि वरच्या पातळीवर अंकुश बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं एक कणखर सरकार वर्षा-दोन वर्षांत करू शकतं. दुसरं त्या सरकारविरुद्धच करावं लागतं.

ती क्रमवारी मोजत काय होती? एक काल्पनिक, मध्यम आकाराची कंपनी आणि देशातलं सर्वांत मोठं शहर. फार मोठ्या लोकसंख्येच्या देशांत दोन शहरं, म्हणजे भारतासाठी मुंबई आणि दिल्ली. परवान्याला किती दिवस, किती टप्पे, किती खर्च. कोणत्या बाबी मोजल्या जातात हे आधीच माहीत असल्याने नेमक्या तेवढ्याच सुधारता यायच्या. पुतिन यांनी २०१२मध्ये तसं लक्ष्यच ठरवून दिलं होतं: १२०व्या स्थानावरून २०व्यावर. २०२०च्या अहवालात रशिया २८वा आला. तो प्रसिद्ध झाला २०१९मध्ये, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत बेअरिंग व्होस्टॉक या बड्या गुंतवणूक कंपनीचे अमेरिकी संस्थापक मायकेल कॅल्वी यांना एका व्यावसायिक वादातून मॉस्कोत अटक झाली होती. पुढे चीन, अझरबैजान, सौदी अरेबिया यांसारख्या देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचं उघड झालं आणि सप्टेंबर २०२१मध्ये जागतिक बँकेने ही क्रमवारीच बंद केली. तरीही तिचे आकडे आजही उत्तरपत्रिकांत दिसतात. वापरायचेच असतील तर परवान्याच्या वेगाबद्दल बोलताना वापरा, न्यायाबद्दल बोलताना नको.

वाढीचा दर पाहून संस्थांना गुण देणं

ही चूक लवकर उरकता येते. २००६मध्ये अझरबैजानची अर्थव्यवस्था ३० टक्क्यांहून अधिक वाढली, कारण त्या वर्षी बाकूचं तेल नव्या वाहिनीतून तुर्कस्तानच्या जेहान बंदरात पोहोचलं. तेलाचे भाव पडल्यावर २०१५मध्ये त्याच देशाला आपल्या चलनाचं दोनदा अवमूल्यन करावं लागलं. बेलारूसने फारसं खासगीकरण न करता २०००च्या दशकात उत्तम वाढ दाखवली. त्यामागे रशियाकडून स्वस्तात मिळणारं इंधन होतं, आणि २०११मध्ये तिथली महागाई १०० टक्क्यांच्या पुढे गेली. वाढ दिसली की आधी तेल, वायू, सोनं, कापूस, परदेशातून येणारा पगार यांचा हिशेब मांडा. उरेल त्यावर संस्थांची चर्चा करा.

चांगल्या संस्था बाहेरून आणून बसवता येतात, किंवा मुळीच येत नाहीत

दोन्ही टोकं चुकीची. पहिल्या टोकाला पूर्व जर्मनी पाहा. १ जुलै १९९० रोजी पश्चिमेचं चलन, ३ ऑक्टोबरला पश्चिमेचा सगळा कायदा, न्यायाधीश, प्रशासन, शिवाय पैशाचा अखंड ओघ. संस्थांची इतकी संपूर्ण लागवड दुसऱ्या कोणत्याही साम्यवादोत्तर देशात झाली नाही. तरी तीन दशकांनंतर तिथली उत्पादकता पश्चिमेच्या मागेच आहे. पगार एकास एक दराने मार्कात बदलले गेले, कारखान्यांची उत्पादकता मात्र त्या जवळपासही नव्हती. ते बंद पडले आणि तरुण पश्चिमेला निघून गेले. उत्तम संस्था असूनही चुकीचा दर आणि माणसांचं स्थलांतर काय करू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

दुसरं टोक म्हणजे 'हा सगळा इतिहासाचा खेळ': जिथे हॅब्सबर्ग (ऑस्ट्रियाचं जुनं) साम्राज्य होतं तिथे न्यायालयांवर विश्वास, जिथे ऑटोमन किंवा झारशाही होती तिथे नाही. जुन्या हॅब्सबर्ग सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांचा अभ्यास झालेला आहे आणि विश्वासात फरक आढळतोही. पण तो फरक लहान आहे, त्यावर देशाचं नशीब ठरत नाही. एस्टोनिया झारच्या साम्राज्यात होता आणि नंतर सोव्हिएत संघात. आज डिजिटल प्रशासनासाठी जग त्याच्याकडे बघतं. आणि त्याच एस्टोनियातल्या डान्स्के बँकेच्या शाखेतून २००७ ते २०१५ दरम्यान सुमारे २०० अब्ज युरोंचे संशयास्पद व्यवहार वाहून गेले, हेही विसरू नका.

युरोपीय संघाच्या सदस्यत्वाचा मुद्दा या दोन टोकांच्या मधला. दाराबाहेर उभं असताना देश भराभर कायदे करतात. आत आल्यावर तो दाब उरत नाही. रोमानिया आणि बल्गेरिया २००७मध्ये आत आले ते न्यायव्यवस्थेवरची खास देखरेख सोबत घेऊनच, आणि ती औपचारिकरीत्या संपायला २०२३ उजाडलं.

आकडे जुळत नसतील तर

दोन निर्देशांक परस्परविरोधी बोलतात: बहुधा एक मतांवर आहे आणि दुसरा कायद्याच्या मजकुरावर. मोल्दोव्हात मध्यवर्ती बँक होती, नियम होते, लेखापरीक्षणं होती. तरीही २०१४मध्ये तीन बँकांतून सुमारे १ अब्ज डॉलर, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास, निघून गेले. मजकूर मोजणाऱ्या निर्देशांकात असं काही दिसत नाही.

भ्रष्टाचार धारणा निर्देशांकात एखादा देश अचानक उडी मारतो: वर्ष बघा. २०१२मध्ये त्याची पद्धत बदलली, त्यामुळे त्याआधीचे गुण नंतरच्या गुणांशी थेट ताडता येत नाहीत.

दरडोई उत्पन्न छान वाढलंय पण गावं ओस दिसतात: भागाकारातला खालचा आकडा तपासा. बल्गेरियाची लोकसंख्या १९८९च्या सुमारास ९० लाखांच्या जवळ होती, २०२१च्या जनगणनेत ती सुमारे ६५ लाख भरली.

१९९०च्या दशकातली घसरण महामंदीपेक्षा भयंकर दिसते: काही प्रमाणात ती खरी होती, पण जुन्या आकड्यांत कोणालाच नको असलेला मालही 'उत्पादन' म्हणून मोजला जात होता, आणि नव्या आकड्यांत टपरीवरचा, घरातला, बिनपावतीचा धंदा सुटला. म्हणूनच काही अभ्यासकांनी विजेच्या वापरावरून खरं उत्पादन अजमावण्याचा प्रयत्न केला.

समीकरणात संस्थांचा परिणाम फारच ठळक येतो: देश किती आहेत ते मोजा. हे जग पंचवीस-तीस देशांचंच आहे. युरोपीय संघाचं मुख्यालय असलेल्या ब्रसेल्सपासूनचं अंतर हा एक घटक घातला तरी निम्मा परिणाम डळमळू शकतो, कारण जवळचे देश तेच, चांगल्या संस्थांचे तेच आणि कारखाने आलेले तेच. मंगोलियासारखा दूरचा, तरी १९९०पासून निवडणुकांवर टिकलेला देश यादीत घेतला की निदान विचार करावा लागतो.

एकदा चांगलं झालं की ते टिकतं, किंवा बिघडलं की लगेच दिसतं

हंगेरी एकेकाळी या वर्गातला हुशार विद्यार्थी होता. २०१०मध्ये एका पक्षाला दोन-तृतीयांश जागा मिळाल्या, नवी राज्यघटना आली, न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७०वरून ६२वर आणून जुने न्यायाधीश घालवण्याचा प्रयत्न झाला आणि २०१२मध्ये युरोपीय न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. त्यानंतरही बरीच वर्षं अर्थव्यवस्था व्यवस्थित वाढत राहिली. 'बघा, संस्थांनी काही बिघडत नाही' असा निष्कर्ष २०१९मध्ये काढणं सोपं होतं. डिसेंबर २०२२मध्ये युरोपीय संघाने कायद्याच्या राज्याच्या मुद्द्यावर ६.३ अब्ज युरो अडवले, आणि २०२३च्या सुरुवातीला हंगेरीची महागाई युरोपीय संघात सर्वाधिक, २५ टक्क्यांच्या वर होती. यातली किती युक्रेन युद्धाची, किती ऊर्जेची आणि किती धोरणांची, हे वेगळं काढावंच लागेल. पण संस्थांच्या घसरणीचा हिशेब पाच वर्षांच्या आलेखावर मांडू नका.

उलट बाजूचं उदाहरण युक्रेन. १९९०च्या सुमारास दरडोई उत्पन्नात पोलंडपेक्षा फारसा मागे नसलेला हा देश २०२२च्या युद्धाआधीच डॉलरच्या हिशेबात तिपटीहून मागे पडला होता, आणि १९९३ची त्याची महागाई १०,००० टक्क्यांच्या वर होती. २०१४नंतर तिथे नव्याने बांधकाम सुरू झालं: सरकारी खरेदी उघड्या पडद्यावर आणणारी 'प्रोझोरो' प्रणाली, भ्रष्टाचाराचा तपास करणारा 'नाबू' हा स्वतंत्र विभाग, आणि २०१९मध्ये त्या खटल्यांसाठी वेगळं न्यायालय. निर्देशांक मात्र कूर्मगतीने हलले, आणि 'युक्रेन सुधारणारच नाही' असं म्हणणाऱ्यांना तेवढं पुरेसं होतं.

२२ जुलै २०२५ रोजी तिथल्या संसदेने 'नाबू'ला सरकारनियुक्त महाअभियोक्त्याच्या हाताखाली आणणारा कायदा केला आणि अध्यक्षांनी त्याच दिवशी सही केली. युद्ध चालू असताना, लष्करी कायदा लागू असताना, कीव्हसह अनेक शहरांत लोक पुठ्ठ्याचे फलक घेऊन रस्त्यावर उतरले. ब्रसेल्सनेही कान टोचले. ३१ जुलैला त्याच संसदेने मतदान करून 'नाबू'ची स्वायत्तता परत दिली.